विश्लेषण : बोटीमागची लाट वाढवणारी उपकरणे धोक्याची का?

परळहून मोरा किंवा रेवसला जाण्यासाठी भाऊचा धक्का गाठणाऱ्यांना हा अनुभव असतोच. लाँचमध्ये पाय टाकताना जवळून स्पीडबोट गेली, की लाँच हेलकावते आणि खलाशी आपला दंड धरतो. धक्क्यावर नकोशी असलेली ही लाट ‘वेकसर्फिंग’ या खेळात मात्र मुद्दाम मोठी केली जाते. त्यासाठी साध्या बोटीवर बसवायचे किटही मिळते.

लाट मोठी कशी होते?

तरंगणारी बोट स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. वजन वाढवले की बोट खोल बसते, लाट उंचावते. म्हणून मागच्या भागात पाण्याच्या पिशव्या भरतात. जुन्या गलबतांतले नीरम तोल सांभाळण्यासाठी तळाशी असे. इथे वजन मागे आणि बरेचदा एकाच बाजूला टाकतात. जोडीला मागे पाती बसवतात. पाणी वळवून ती एका बाजूची लाट स्वच्छ करतात. अमेरिकेतील मॅलिबू कंपनीने २०१२ मध्ये आणलेले ‘सर्फ गेट’ याच प्रकारचे.

बिघडते कुठे?

३४० लिटरच्या दोन पिशव्या म्हणजे जवळपास ७०० किलो, अर्थात ७० किलोची १० माणसे. हे वजन क्षमतेतून वजा करायचे असते, तेच विसरले जाते. अर्धवट भरलेली पिशवी तर आणखी वाईट: बोट कलली की पाणीही त्याच बाजूला धावते. ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगात बोटीचे नाक वर राहते, चालकाला समोरचे नीट दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाचे, इंजिन कोणते? मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा पंखा सर्फरपासून काही फुटांवर उघडा फिरतो. अशा बोटीमागे वेकसर्फिंग करूच नये, किट कितीही चांगले असो.

इतरांचे काय?

मिनेसोटा विद्यापीठाच्या २०२२ मधील अभ्यासानुसार, साध्या बोटीची लाट २०० फुटांवर जेवढी उरते, तेवढी उतरायला वेकसर्फ बोटीच्या लाटेला ५०० फूट लागतात. मुंबई बंदरात एवढ्या अंतरात होडी, लाँच, मच्छीमार बोट असे काहीही असू शकते.

बदल केलेली बोट तपासायची कुठे, हाही प्रश्न आहेच. १८ डिसेंबर २०२४ रोजी ‘नीलकमल’ला धडकलेली नौदलाची स्पीडबोट इंजिन चाचणीवर होती, प्रवासी बोटींचा मार्ग तिथूनच जात होता. किट बसवल्यावरची पहिली फेरी प्रवाशांविना, मोकळ्या पाण्यात आणि पिशव्या थोड्या थोड्या भरतच व्हायला हवी. प्रमाणपत्रावर लिहिलेली प्रवासी क्षमता पिशव्या नसलेल्या बोटीची असते.