टेबलावरची असई

एखादी लढाई घरच्या टेबलावर मांडायची, तर सैनिक रंगवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं: त्या दिवशी कुणाला काय माहीत नव्हतं?

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या जवळ, केळणा नदीच्या दक्षिणेला चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली येऊन पोहोचला, तेव्हा नदीपलीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची सगळी फौज त्याला एका नजरेत दिसली. पश्चिमेला भोकरदनच्या बाजूला घोडदळ, पूर्वेला असई गावाकडे कवायती पायदळ आणि शंभरच्या आसपास तोफा. दुसरी इंग्रज फौज कर्नल स्टीव्हन्सनबरोबर वेगळ्या वाटेनं येत होती आणि हल्ला दोघांनी मिळून दुसऱ्या दिवशी करायचा, असं ठरलं होतं. वेलस्ली थांबला नाही. पण नदी ओलांडायची कुठून? वाटाडे सांगत होते, समोरचा एक सोडला तर दुसरा उतार नाही. समोरच्या उतारावर तर सगळ्या तोफा रोखलेल्या. पूर्वेला थोडं पुढे गेल्यावर त्याला पिंपळगाव दिसलं आणि बरोबर समोर, पलीकडच्या काठावर, आणखी एक गाव. दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत, म्हणजे माणसांचं येणंजाणं असणार, म्हणजे उतार असणारच, असा त्यानं तर्क केला. उतार होता.

पण टेबलाभोवती बसलेल्या आपल्याला हे आधीपासूनच ठाऊक असतं, आणि लढाईची मांडणी करणाऱ्यापुढची पहिली अडचण तीच. इंग्रजांकडून खेळणारा डोळे मिटून पिंपळगावला जाणार आणि मराठ्यांकडून खेळणारा आधीच तिथे तोफा लावून बसणार. मग लढाई उरतच नाही. आम्ही यावर असा तोडगा काढला: नदीवर उताराच्या चार जागा दाखवायच्या, चार चिठ्ठ्या करायच्या, त्यांतल्या दोनांवर ‘उतार’ आणि दोनांवर ‘डोह’ लिहायचं, आणि त्या पालथ्या ठेवायच्या. इंग्रज सेनापतीनं जागा निवडून पलटण काठाशी नेली की मगच चिठ्ठी उलटायची. डोह निघाला की एक पाळी वाया. वेलस्लीच्या पोटात त्या दुपारी काय चाललं असेल, त्याचा थोडासा अंश त्या चिठ्ठीत उतरतो.

या छंदाला वॉरगेम म्हणतात. चिमुकले सैनिक, अंतर मोजायला मोजपट्टी, नशिबासाठी फासे आणि आळीपाळीनं चाली. त्याची एक मुळी प्रशियाच्या लष्करात आहे. तिथल्या रायस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं १८२४मध्ये नियम छापले. १:८००० प्रमाणाचा नकाशा, दोन मिनिटांची एक पाळी आणि दोन्ही बाजूंना हवी तेवढीच माहिती देणारा पंच, अशी त्याची रचना होती. दुसरी मुळी घरातल्या फरशीवरची. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यांच्या खेळात फासे नव्हते. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी उडवायची आणि जो शिसाचा शिपाई आडवा होईल तो मेला. १९५९पासून एअरफिक्स कंपनीचे स्वस्त प्लॅस्टिकचे सैनिक मिळू लागले, १९६२मध्ये साउदम्प्टनचे फिजिओथेरपिस्ट डोनाल्ड फेदरस्टोन यांचं ‘वॉर गेम्स’ आलं आणि सामान्य घरांतले लोक आपापले नियम लिहू लागले. जागा आणि वेळ कमी असणाऱ्यांनी नील थॉमस यांचं २०१४चं पुस्तक जरूर पाहावं. तीन फूट चौरस पट, प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त सहा तुकड्या आणि पंधरा पाळ्या, एवढ्यात ते तासाभराची लढाई उभी करतात.

आता टेबलाकडे वळू. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं ते प्रमाण. आमचे कागदी सैनिक अडीच सेंटिमीटर उंचीचे, म्हणजे साधारण १:७२. जमीनही याच प्रमाणात करायची म्हटली, तर एका मैलासाठी बावीस मीटर लांबीची खोली लागेल. केळणा आणि तिच्या उत्तरेला वाहणारी जुई, या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात लढाई झाली आणि तो पट्टा जेमतेम मैलभराचा. आमचं जेवणाचं टेबल चार फूट बाय तीन. म्हणून एक मैल म्हणजे दोन फूट असं ठरवलं. म्हणजे टेबलावरचा एक सेंटिमीटर प्रत्यक्षात सुमारे सव्वीस मीटर होतो.

हे एकदा ठरलं की बाकीचे आकडे आपोआप येतात. सहाशे शिपायांची पलटण दोन रांगांत उभी केली तर दीडशे-पावणेदोनशे मीटर जागा घेते. टेबलावर ती सहा सेंटिमीटर. म्हणून सहा सेंटिमीटर रुंदीचा एक पुठ्ठा म्हणजे एक पलटण. त्यावर चार शिपाई चिकटवले तरी ते चारजण सहाशे असतात, हे मनाशी पक्कं ठेवायचं. बंदुकीचा परिणामकारक पल्ला शंभर मीटरच्या आतबाहेर, म्हणजे चार सेंटिमीटर. तोफेचा गोळा आठशे मीटर, म्हणजे तीस सेंटिमीटर. गोळ्याऐवजी छर्रे भरले तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. हे आकडे पहिल्यांदा कागदावर शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मला लढाई कळल्यासारखी वाटली. पुस्तकात ‘तोफखान्याचा भडिमार’ असे दोन शब्द असतात. टेबलावर मात्र आपल्या पलटणीला तीस सेंटिमीटर तोफेच्या माऱ्यात चालत जायचं असतं, एका पाळीत पंधरा सेंटिमीटर या चालीनं, आणि तिची स्वतःची बंदूक शेवटच्या चार सेंटिमीटरमध्येच उपयोगाची.

सामान घरचंच. जमिनीसाठी काळपट तपकिरी जुनी शाल, नद्यांसाठी निळी फीत, असई गावासाठी काडेपेट्यांची चार घरं. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे माळ्यावर होतेच. पण ते सतराव्या शतकातले. १८०३च्या कवायती फौजेचा पोशाख आणि हत्यारं वेगळी. म्हणून त्यांना आम्ही शिंदे-भोसल्यांच्या घोडदळाशेजारी हशम, म्हणजे बिनकवायती पायदळ, म्हणून ठेवलं आणि कंपूंसाठी, म्हणजे कवायती पलटणींसाठी, कागदावर शिपाई काढून, रंगवून, कापून उभे केले. माझ्या चौदा वर्षांच्या भाचीनं दोन शनिवार त्यात घालवले. तिला मराठ्यांकडूनच खेळायचं होतं.

फाशांचे नियम आम्ही मुद्दाम साधे ठेवले. एक पाळी पंधरा मिनिटांची, म्हणजे दुपारी तीन ते सहापर्यंत बारा पाळ्या. बंदुकीच्या पल्ल्यात आलेली पलटण दोन फासे टाकते. पाच किंवा सहा पडला की समोरच्याला एक घाव. चार घाव झाले की पुठ्ठा उचलायचा. एका फाशावर पाच-सहा पडण्याची शक्यता एक तृतीयांश, त्यामुळे दोन फाशांनी पलटण मोडायला सरासरी सहा पाळ्या लागतात. छर्ऱ्यांच्या पल्ल्यातल्या तोफेला तीन फासे दिले, तर चारच. हे गणित आधी करून ठेवावं, असं मी प्रत्येकाला सांगेन. नियम लिहिणारा आकडेमोड टाळतो तेव्हा लढाई तरी दोन पाळ्यांत संपते किंवा रात्री अकरापर्यंत कुणीच मरत नाही.

पण फासे हा नियमांचा सोपा भाग. खरी मेहनत त्या विशिष्ट दिवसाचे नियम लिहिण्यात आहे. असईत असे चार प्रसंग आहेत ज्यांना नियम दिला नाही, तर ती असई राहत नाही.

पहिला मराठ्यांचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिंद्यांचं पायदळ केळणेच्या काठानं दक्षिणेकडे तोंड करून उभं होतं. इंग्रज पूर्वेच्या टोकाला नदी उतरले, म्हणजे फौजेच्या डाव्या कुशीवर आले. वेलस्लीची अपेक्षा अशी की एवढी मोठी रांग वेळेत वळणार नाही. पण हॅनोवरच्या पोलमनच्या हाताखालचे ते कंपू, दुपोंच्या पलटणी, सरधन्याच्या बेगम समरूची माणसं, अशी सुमारे अकरा हजारांची फौज तोफांसकट काटकोनात वळली आणि दोन नद्यांच्या मधोमध नवी रांग धरून उभी राहिली. डावा हात असई गावाशी, उजवा केळणेशी. आपण शाळेत ही लढाई ‘मराठे हरले’ या दोन शब्दांत वाचतो. टेबलावर मात्र पुठ्ठे हातानं एकेक वळवावे लागतात, एकमेकांत अडकू न देता, तोफा मागे राहू न देता. भाचीला पहिल्या डावात ते जमलं नाही. तीन पुठ्ठे असईजवळ एकमेकांवर चढले. तेव्हा तिला आणि मलाही कळलं की त्या शिपायांनी त्या दुपारी केवढं अवघड काम करून दाखवलं होतं. आमचा नियम: कवायती पलटण एका पाळीत फाशाशिवाय वळू शकते, हशमांना चार किंवा जास्त हवेत.

दुसरा प्रसंग इंग्रजांच्या चुकीचा. उजव्या टोकाच्या तुकड्यांना असई गावापासून दूर राहायला सांगितलं होतं. त्यांचा अधिकारी ऑरक सरळ गावाच्या दिशेनं गेला आणि त्याच्या मागोमाग ७४वी स्कॉटिश पलटणही गेली. गावातल्या तोफांनी आणि नंतर मराठी घोडदळानं ती कापून काढली. सुमारे पाचशेपैकी चारशे जण मेले किंवा जखमी झाले. हा प्रसंग नियमात कसा आणायचा? पहिल्यांदा मी लिहिलं होतं की ७४वी पलटण गावाकडे जाणारच. ते चुकीचं होतं, कारण मग ती चूक राहत नाही, नशिबाचा लेख होते. आता उजव्या टोकाला हुकूम देताना फासा टाकतो. एक किंवा दोन पडला तर हुकूम चुकीचा समजला.

तिसरा प्रसंग बैलांचा. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल मराठी तोफखान्यानं इतके मारले की वेलस्लीनं आपल्या तोफा मागे सोडून पायदळाला संगिनी घेऊन चालायला सांगितलं. म्हणून आमच्याकडे इंग्रज तोफेला दोन घाव झाले की ती जागेवरून हलत नाही.

आणि चौथा, गोलंदाजांचा. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे निघून गेली तेव्हा काही मराठी गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, मग उठले आणि त्याच तोफा पुढे गेलेल्या शत्रूच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला ७८वी स्कॉटिश पलटण आणि घोडदळ परत फिरवून तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. नियम असा: घेतलेल्या तोफेवर पलटण ठेवली नाही, तर प्रत्येक पाळीत पाच-सहा पडला की ती पुन्हा जिवंत. गेल्या तीन डावांत भाचीनं सगळ्यात जास्त घाव याच नियमावर मारले आहेत.

संध्याकाळी मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती होत्या. इंग्रजांकडचे ४२८ मेले होते, ११३८ जखमी झाले होते आणि १८ सापडत नव्हते. त्यात बरेच मद्रासचे देशी शिपाई होते. हे आकडे मी टेबलाशेजारी एका कागदावर लिहून ठेवतो. वेल्स यांनीही आपल्या पुस्तकाच्या शेवटी खऱ्या युद्धाशी या खेळाची तुलना केली आणि खऱ्याच्या विरोधात उभे राहिले. पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. एका पुठ्ठ्यामागे सहाशे माणसं आहेत, हे भाचीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती उचललेले पुठ्ठे डब्यात टाकत नाही, टेबलाच्या कडेला ओळीनं ठेवते.

उरला तो प्रश्न, ज्यावर आमचं अजून एकमत नाही. तीस हजारांहून जास्त मराठी घोडदळ त्या दिवशी पश्चिमेला होतं. असईजवळची ती एक चढाई सोडली, तर त्यातलं बहुतेक हललंच नाही, आणि दोघे सरदार लवकरच रणांगण सोडून गेले. नियमात मी लिहिलं की या घोडदळाला हलवायला प्रत्येक पाळीत सहाच पडायला हवा. दुसऱ्या डावात भाची सात पाळ्या फासा टाकत राहिली. इकडे पोलमनच्या पलटणी एकेक करून संपत होत्या.

“मामा, हे नुसते उभेच राहणार का? तू सहाच का ठेवलास? पाच का नाही?”

मी तिला म्हटलं, पाच ठेवला तर मराठे बहुतेक डाव जिंकतात. ती म्हणाली, मग जिंकू देत ना, ते का जिंकले नाहीत तेच तर शोधायचंय. तिचं खरं होतं. मी उत्तर माहीत धरून फासा बांधला होता. आम्ही पुन्हा वाचायला बसलो. युद्ध सुरू होताना कंपनी सरकारनं जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना फोडलं होतं आणि त्यातले कित्येक गेलेही होते. पायदळ तरीही लढलं, कारण कवायत त्याच्या अंगात मुरलेली होती. घोडदळ मात्र हुकमाची वाट पाहत राहिलं, आणि हुकूम देणारेच निघून गेले.

मग नवा नियम तिनं लिहिला. दौलतरावांची एक वेगळी मूर्ती टेबलावर ठेवायची. ती घोडदळापासून वीस सेंटिमीटरच्या आत असेल तर चार, पाच किंवा सहा पडला तरी घोडदळ हलतं. नसेल तर सहाच हवा. पण मूर्ती पुढे आली आणि तिच्यावर दोन घाव पडले, तर त्याच क्षणी डाव संपला, मराठे हरले. तिसऱ्या डावात तिनं दौलतरावांना दूर भोकरदनच्या बाजूला सुरक्षित ठेवलं आणि ती हरली. आता येत्या रविवारी चौथा डाव आहे. शिंदे कुठे उभे करायचे, हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही.