घराण्यातून येणारा मूत्रपिंडविकार

पॉलिसिस्टिक किडनी हा मूत्रपिंडाचा सर्वाधिक आढळणारा आनुवंशिक विकार. यात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या गाठी वर्षानुवर्षे वाढत जातात. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलगा-मुलगी असा फरक नाही. बहुतेक कुटुंबांत दोष पीकेडी-१ या जनुकात असतो, काहींत पीकेडी-२ मध्ये. पीकेडी-२चा आजार सहसा सौम्य असतो आणि मूत्रपिंडे उशिरा निकामी होतात.

निदान बहुधा सोनोग्राफीनेच होते. मात्र तरुणपणी गाठी दिसल्या नाहीत, म्हणून धोका टळला असे नसते. भाऊ बहिणीला मूत्रपिंड देणार असेल, तर त्याला तोच दोष नाही याची खात्री हवी. तिथे जनुकीय चाचणी मोलाची ठरते. घरात कुणालाच आजार नसताना गाठी आढळल्या किंवा अपत्याचा विचार असला, तरीही ती उपयोगी पडते. चाचणीआधी समुपदेशन घ्यावे.

आजार समूळ बरा होत नाही. पण रक्तदाब आटोक्यात ठेवणे, मीठ कमी करणे, वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे आणि नियमित क्रिएटिनिन तपासणे यांमुळे मूत्रपिंडे जपता येतात. आजार वेगाने वाढणाऱ्या काही रुग्णांना डॉक्टर टॉलव्हॅप्टन देतात. मूत्रपिंडे निकामी झाल्यास डायलिसिस किंवा प्रत्यारोपण करावे लागते.