प्रदर्शित वस्तूचा ठावठिकाणा
(कोल्हापूर येथील वस्तुसंग्रहालयाच्या निमित्तानें)

जुन्या वस्तूंचें प्रदर्शन मांडणें हें काम वरवर पाहतां सोपें वाटतें. कपाट, कांच, वस्तु आणि तिच्याखालीं नांवाची चिठ्ठी एवढी सामग्री जुळली कीं प्रदर्शन सिद्ध झालें, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते. परंतु इतिहासाच्या साधनांची ज्यांस चाड आहे त्यांचें एवढ्यानें समाधान होणार नाहीं. वस्तु काय आहे हें बहुधा पाहणाऱ्यास दिसतें. ती कोठें, कोणाजवळ व कोणत्या वस्तूंच्या संगतींत मिळाली हें मात्र सांगितल्यावांचून कळत नाहीं. प्रांतिक गांवांतील संग्रहालयाचें खरें सामर्थ्य या दुसऱ्या गोष्टींत आहे. राजधानीच्या शहरांतील मोठ्या संग्रहापेक्षां त्याच्याजवळ वस्तु थोड्या असतील. पण त्या जेथल्या तेथें असतात. हा लाभ किती मोठा आहे व तो किती सहज गमावतां येतो, हें कोल्हापूरच्या उदाहरणावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कोल्हापूरचें वस्तुसंग्रहालय सन १९४६ मध्यें स्थापन झालें व १९४९ मध्यें टाऊन हॉलच्या इमारतींत आलें. याच वर्षीं, १ मार्च १९४९ रोजीं, कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें. टाऊन हॉल ही इमारत १८७२ ते १८७६ या काळांत मेजर चार्ल्स मँट यांच्या योजनेप्रमाणें बांधलेली आहे. संग्रहालयाचे दोन भाग पाहणाऱ्याच्या मनांत सहज पडतात : एक भूमींतून निघालेल्या प्राचीन अवशेषांचा व दुसरा कोल्हापूरच्या चित्रकारांच्या कृतींचा. हे दोन भाग परस्परांस परके भासतात. एकाच कसोटीला दोन्ही लावून पाहिले म्हणजे त्यांचें नातें ध्यानांत येतें.

प्रथम अवशेषांचा विचार करूं. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. राजाराम कॉलेजांतील प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांनीं या टेकडीकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें, आणि त्यांच्याच खटपटीनें तेथील ब्राँझच्या वस्तूंचा प्रसिद्ध सांठा उजेडांत आला. पुढें १९४५-४६ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेच्या वतीनें डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं तेथें रीतसर उत्खनन केलें. त्याचा वृत्तान्त १९५२ मध्यें प्रसिद्ध झाला.

या सांठ्यांतील सर्वांत ख्यात वस्तु म्हणजे ग्रीक समुद्रदेव पोसायडन याची लहानशी मूर्ति. लायसिपस या ग्रीक शिल्पकाराच्या नमुन्याशीं तिचें नातें जोडण्यांत येतें. तिच्यासमवेत पाश्चात्त्य घडणीचा सुरईसारखा कुंभ व आरसाही निघाला, आणि हत्तीवर बसलेल्या माणसांचें एतद्देशीय घडणीचें शिल्पही मिळालें. आतां अशी कल्पना करावी कीं, ही मूर्ति एखाद्या व्यापाऱ्याच्या दुकानीं, ठिकाण न सांगतां, विक्रीस आली आहे. तिचें सौंदर्य तिळभरही कमी होणार नाहीं. रोमन साम्राज्यांतील असंख्य लहान मूर्तींपैकीं एक, एवढें तिचें वर्णन करतां येईल आणि विषय तेथेंच संपेल. परंतु ती ब्रह्मपुरीस मिळाली, एतद्देशीय वस्तूंच्या शेजारीं मिळाली, हें कळतांच तीच मूर्ति दक्षिणेच्या इतिहासाचें साधन बनते. समुद्राच्या देवतेची मूर्ति समुद्रकिनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या घाटांपलीकडे, पंचगंगेच्या तीरावर आली. म्हणजे इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत पश्चिम समुद्रावरील व्यापाराची पोंच घाटमाथ्यावरील या नगरापर्यंत होती, असें अनुमान करण्यास आधार मिळतो. हा आधार मूर्तींत नाहीं. तो तिच्या ठिकाणांत आहे.

ठिकाण म्हणजे केवळ गांवाचें नांव नव्हे, त्यांत थराचाही समावेश होतो. ब्रह्मपुरीच्या उत्खननांत सातवाहनकालीन वस्तीवर पुढें बहमनी काळांतील वस्तीचे थर आढळले. या वरच्या थरांतून बहुरंगी कांचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. फुटकी बांगडी ही प्रदर्शनांत ठेवण्याजोगी वस्तु आहे असें कोणास वाटणार नाहीं. तथापि हे तुकडे निश्चित थरांतून निघालेले असल्यामुळें दक्षिणेंतील इतर स्थळांचा काळ ठरवितांना खुणेप्रमाणें उपयोगीं पडूं लागले. थराची नोंद नसती तर त्यांची किंमत उकिरड्यावरील कांचेपेक्षां अधिक झाली नसती. तात्पर्य, वस्तूची योग्यता तिच्या मोलावर किंवा रूपावर अवलंबून नसून तिच्याविषयीं केलेल्या नोंदीवर अवलंबून असते.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, कांहीं वस्तु स्वतःच बोलतात. त्यांस ठिकाणाची गरज काय? कोल्हापूरकडील शिशाचीं जुनीं नाणीं या आक्षेपाच्या विचारास सोयीचीं आहेत. धनुष्यबाणाचें चिन्ह असलेल्या या नाण्यांवर वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर व गोतमिपुत विळिवायकुर अशीं तीन नांवें येतात. सिवलकुरानें पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला ठसा मारलेला आढळतो, आणि गोतमिपुत विळिवायकुरानें या दोघांच्याही नाण्यांवर ठसा मारला आहे. यावरून तिघांचा पूर्वापर क्रम निश्चित होतो. येथें नाणें स्वतः बोललें हें खरें. पण हे राजे कोठले, या प्रश्नाचें उत्तर ठशावर नाहीं. तें नाणीं मुख्यतः कोल्हापूर भागांत सांपडलीं या नोंदीवरून मिळतें. टॉलेमी यानें दुसऱ्या शतकांत लिहिलेल्या भूगोलांत हिप्पोकौरा हें बलेओकौर याचें राजधानीचें शहर म्हणून सांगितलें आहे. हा बलेओकौर म्हणजे विळिवायकुर होय, असें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं प्रतिपादिलें. हिप्पोकौरा म्हणजेच कोल्हापूर कीं काय, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. पण हा वाद चालूं शकतो तोच मुळीं नाण्यांचीं स्थळें कोणीतरी टिपून ठेवलीं म्हणून.

आतां दुसऱ्या भागाकडे, म्हणजे चित्रांकडे, वळूं. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेंत आबालाल रहिमान यांचें स्थान अग्रगण्य आहे. मुंबईच्या कलाशाळेंत शिक्षण घेऊन ते कोल्हापुरास परतले. राजर्षि शाहू छत्रपतींचा त्यांस आश्रय होता. ते १९३१ मध्यें निवर्तले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट हा परिसर त्यांच्या निसर्गचित्रांत वारंवार येतो. कलेचा रसिक त्यांत प्रकाशाचें व पाण्याचें काम पाहील. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास त्याच चित्रांत तळ्याचा कांठ तेव्हां कसा होता, झाडी कोठवर होती, घाटावरील बांधकाम कोणतें होतें, याचें साक्षित्व मिळूं शकतें. मात्र त्यास दोन गोष्टी हव्यात : चित्र कोणत्या जागेवरून काढलें व कोणत्या वर्षीं काढलें. या दोहोंची चिठ्ठी नसेल तर चित्र मनोहर राहतें, पण साक्षीदार म्हणून मुकें होतें. शाहू महाराज १९२२ मध्यें वारल्यावर आबालालांनीं शोकावेगांत आपलीं चित्रें पाण्यांत सोडलीं, अशी कथा कोल्हापुरांत सांगतात. प्रदर्शनांत ती सांगण्यास हरकत नाहीं. पण ती कथा म्हणूनच सांगावी आणि उरलेल्या चित्रांची इतिहासाला लागणारी माहिती तिच्याहून ठळक अक्षरांत द्यावी.

बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) यांच्या कृतींसंबंधीं हेंच म्हणतां येईल. त्यांनीं चित्रें काढलीं, मूर्ति घडविल्या, नाटकांचे पडदे रंगविले, आणि स्वतः सिद्ध केलेल्या यंत्रानें चित्रपटही निर्मिले. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० मध्यें प्रकाशांत आला. अशा पुरुषाचें एखादें चित्र भिंतीवर एकटें टांगलें तर चित्रकार दिसतो, कारागीर दिसत नाहीं. तें कोणत्या कामासाठीं व कोणत्या कारखान्यांत सिद्ध झालें हें सांगितलें, म्हणजे एका शहराच्या उद्योगाचा इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा विचार अधिकच लागू आहे. शुहूर सनाचा स्पष्ट उल्लेख असलेल्या कागदाचा काळ स्वतंत्रपणें काढतां येतो. ‘अर्बा अशर मया व अलफ’ म्हणजे चार, दहा, शंभर व हजार मिळून १११४; त्यांत ५९९ मिळवितां इसवी सन १७१३-१४ येतो. पण मराठी पत्रव्यवहारांतील पुष्कळ पत्रांवर केवळ चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, असते, वर्ष नसतें. तिथि व वार दिले असले तरी जंत्रीवरून एकाहून अधिक वर्षें जुळूं शकतात. अशा वेळीं निर्णय कोण देतो ? त्याच रुमालांतील मागचें व पुढचें पत्र देतें. मसुद्याचा शेरा, उत्तराची नोंद, त्याच मनुष्याचा दुसरा कागद, या शेजाऱ्यांच्या साक्षीनें वर्ष ठरतें. अक्षर सुंदर आहे किंवा मोर्तब ठसठशीत आहे म्हणून एखादें पत्र रुमालांतून काढून चौकटींत बसविलें, तर त्या पत्राचें वर्ष आणि कदाचित् शेजारच्या दोन पत्रांचेंही वर्ष आपण कायमचें पुसून टाकतों. ही हानि वाळवीनें केलेल्या हानीहून कमी नाहीं, आणि ती प्रेमानें केली जाते म्हणून लक्षांतही येत नाहीं.

वीरगळांची कथा निराळी नाहीं. तळच्या खणांत युद्ध, मधल्यांत वीरास नेणाऱ्या अप्सरा, वरच्यांत शिवलिंगाची पूजा व शिरोभागीं चंद्रसूर्य, एवढें कोणताही वीरगळ सांगतो. बहुतेकांवर लेख नसतो. वीर कोणत्या गांवासाठीं लढला हें, दगड ज्या शिवेवर उभा होता ती शीव सांगत असते. दगड हलविला आणि शीव टिपली नाहीं, म्हणजे वीर दुसऱ्यांदां मेला.

म्हणून प्रांतिक संग्रहालयांनीं, आणि खासगी संग्राहकांनींही, सहा गोष्टींचा कटाक्ष ठेवावा. वस्तु आली त्याच दिवशीं गांव, जागा, देणाऱ्याचें घराणें व मिळाल्याची तारीख नोंदवहींत लिहावी. उत्खननांतील वस्तु असल्यास थर व खोली लिहावी. रुमालांतून कागद प्रदर्शनासाठीं काढला तर त्याच्या जागीं क्रमांकाची खूणचिठ्ठी घालावी व प्रदर्शन संपतांच तो परत तेथेंच ठेवावा. शाई व रंग यांस प्रखर उजेड बाधतो, म्हणून मूळ कागद थोडे दिवस मांडून पुढें त्याची प्रतिमा ठेवणें बरें. दंतकथा व नोंद हीं चिठ्ठींत वेगळीं दाखवावीं. आणि जें ठाऊक नाहीं त्याची जागा चिठ्ठींत कोरी ठेवावी, अंदाजानें भरूं नये. कोरी जागा पुढच्या संशोधकास बोलावते, खोटी भरलेली जागा त्यास चकविते.

या कामास मोठें द्रव्य लागत नाहीं. नोंदवही, शाई आणि नेम लागतो. पोसायडनची मूर्ति ब्रह्मपुरीची म्हणून ओळखली जाते, याचें श्रेय तिच्या धातूस नाहीं. ठिकाण लिहून ठेवणाऱ्या हातांस आहे. आज घरोघरच्या पेट्यांतून, देवळांच्या ओवऱ्यांतून व पडक्या वाड्यांतून जें निघत आहे, त्याच्या बाबतींत तेच हात आपले झाले पाहिजेत. वस्तु उद्यांही राहील. ती कोठून आली हें सांगणारें माणूस उद्यां असेलच असें नाहीं.