घराचा विसार घेतला आणि मन फिरले

नड आली की माणूस राहते घर विकायला काढतो. गिऱ्हाईक येते, भाव ठरतो, विसार हातात पडतो. आणि मग घरातली म्हातारी विचारते, ‘मी आता कुठं जाऊ?’ मन फिरते. त्यात कमीपणा काही नाही. पण मागे फिरता येईल का, हे आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत यावर अवलंबून आहे.

पहिली पायरी बोलणीची. भाव आणि अटी ठरल्या नाहीत तोवर नाही म्हणायला मोकळीक असते. सगळे ठरवून शब्द दिला, तर मात्र तोंडी करारही कायद्याने करार होऊ शकतो. शाबीत करणे अवघड, एवढेच.

दुसरी पायरी विसारपावतीची किंवा साठेखताची. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या साठेखताने मालकी जात नाही. ‘मग विसार दुप्पट परत करू नि मोकळे होऊ,’ असे पुष्कळजण धरून चालतात. फसगत होते ती इथेच! १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याखाली घेणारा दावा लावून खरेदीखतच मागू शकतो. २०१८ च्या दुरुस्तीने तर असा हुकूम देणे पूर्वीसारखे न्यायाधीशाच्या विवेकावर ठेवलेले नाही. मात्र ठरल्याप्रमाणे पैसे देण्याची आपली तयारी होती, हे घेणाऱ्यालाही शाबीत करावे लागते. दाव्याची मुदत तीन वर्षे. खरेदीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. आता, अमुक रक्कम देऊन करारातून सुटण्याची मुभा पावतीतच स्पष्ट लिहिली असेल, तर गोष्ट वेगळी.

तिसरी पायरी खरेदीखताची. ते नोंदले गेले की मालकी गेली. मग एकट्याच्या म्हणण्याने ते रद्द होत नाही. घेणारा राजी असेल, तर पुन्हा मुद्रांकाचा खर्च सोसून घर परत विकत घ्यावे लागते. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असेल, तर दिवाणी कोर्टात जावे लागते.

तेव्हा मन फिरले तर गप्प बसू नये, आणि दुसऱ्याचा विसार तर मुळीच घेऊ नये. घेणाऱ्याला लगेच सांगावे. तो राजी झाला, तर विसार परत करून पोच घ्यावी आणि करार रद्द केल्याचा लेख करावा. साठेखत नोंदलेले असेल, तर रद्दलेखही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. दावा आलाच, तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे वकील मोफत मिळतो.

गावात कागद वाचून घ्यायला लोक अजूनही गुरुजींकडे येतात. गुरुजींनी सही होण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत: घरातल्या सगळ्यांना विचारलंत का? आणि मागे फिरायची वाट कागदावर लिहिली आहे का? मन फिरायचेच असेल, तर ते तेव्हाच फिरलेले बरे.