वर्गात फोन काढा, पण उत्तर द्यायला!
लेक्चरमध्ये सगळं समजतं, पण पेपरात गणित सुटत नाही, असं होतं ना? हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९१ मध्ये यावर एक सोपी पद्धत सुरू केली. प्रश्नाचं उत्तर आधी एकट्याने द्यायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचं आणि पुन्हा उत्तर नोंदवायचं.

विज्ञान-गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये आला. नुसत्या लेक्चरमध्ये सुमारे ३४ टक्के नापास, तर विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्के!

आमच्या अभ्यासगटात मी हे गूगल फॉर्मवर करतो. फक्त पहिला निकाल चर्चेआधी दाखवू नका. नाहीतर सगळे बहुमताकडे झुकतात आणि वाद घालायला कुणी उरत नाही.