लुसीचा गुन्हा कोणता?

पारलिंगी माणसांच्या इतिहासाचा विषय निघाला की अमेरिकेतील ख्रिस्तीन जॉर्गेनसनचे नाव पहिल्यांदा घेतले जाते. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या वृत्तपत्राने १ डिसेंबर १९५२ रोजी पहिल्या पानावर तिची बातमी छापली. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला एक तरुण डेन्मार्कला गेला आणि उपचार व शस्त्रक्रियेनंतर स्त्री म्हणून जगू लागला, ही ती बातमी. ती जगभर गाजली. ख्रिस्तीनने त्या गाजावाजाला धैर्याने तोंड दिले, व्याख्याने दिली, १९६७ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले. तिचे मोठेपण आम्हाला मान्यच आहे. पण हा इतिहास तिच्यापासून सुरू होत नाही. तिच्या सात वर्षे आधी, १९४५ साली, कॅलिफोर्नियातील एका कोर्टापुढे एक कृष्णवर्णीय स्वयंपाकीण उभी राहिली होती. मी स्त्री नाही हे जगातल्या कोणत्याही डॉक्टरने सिद्ध करून दाखवावे, असे आव्हान तिने दिले होते. तिचे नाव लुसी हिक्स अँडरसन. हे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

लुसीचा जन्म १८८६ साली केंटकी राज्यातील वॅडी या गावी झाला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी एकवीस वर्षे झाली होती. याच गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कायद्याने बेड्या तुटल्या तरी काळ्या माणसाचे जिणे सुटले नव्हते. अशा काळात, अशा घरात एक मूल शाळेत जायच्या वयात हट्ट धरते की मी मुलगी आहे, मला झगाच हवा, मला लुसी म्हणा. आई त्या मुलाला डॉक्टरकडे नेते. डॉक्टर सांगतो, मुलगी म्हणूनच वाढवा. आणि ती आई ऐकते! मारझोड नाही, घराबाहेर काढणे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका गरीब काळ्या आईला जे समजले, ते आजही भल्याभल्या शिकलेल्या घरांना समजत नाही.

पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि लुसी लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करू लागली. पुढे टेक्सासमध्ये हॉटेलात कामाला राहिली. १९२० साली क्लॅरेन्स हिक्स यांच्याशी लग्न करून ती कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड या गावी स्थायिक झाली. तिच्या हाताला चव होती. पाककलेच्या स्पर्धांत तिने बक्षिसे मिळवली, गावातल्या श्रीमंतांच्या मेजवान्या तिच्यावाचून अडू लागल्या. साठवलेल्या पैशातून तिने जागा घेतली आणि तिथे कुंटणखाना चालवला. दारूबंदीच्या काळात दारूही विकली. हे आम्ही झाकून ठेवणार नाही. लुसी संत नव्हती आणि तिला संत करण्याची गरजही नाही. माणसाचे हक्क संतपणाच्या दाखल्यावर मिळत नसतात.

आणि गावाचा दुटप्पीपणा पहा. एकदा पोलिसांनी तिला अटक केली, तर गावातला बडा बँकवाला स्वतः जामीन द्यायला धावला. कारण त्याच्या घरी मोठी मेजवानी ठरली होती आणि लुसी कोठडीत राहिली तर रांधायचे कोणी? तिच्या हातचे जेवण चालत होते, तिचा धंदाही चालत होता. जोवर ती उपयोगी होती तोवर तिच्या देहाची चौकशी करण्याची कोणाला गरज वाटली नाही.

पहिले लग्न १९२९ साली मोडले होते. १९४४ साली तिने रूबेन अँडरसन या सैनिकाशी लग्न केले. दुसऱ्याच वर्षी, तिच्या कुंटणखान्यातून आपल्याला गुप्तरोग झाल्याची तक्रार एका नौसैनिकाने केली. तिथल्या सगळ्या बायकांची वैद्यकीय तपासणी झाली, त्यात लुसीचीही झाली. तपासणी रोगाची होती, खटला मात्र भरला गेला तो लग्नाचा! विवाह परवाना घेताना आपल्या लग्नाला कायदेशीर अडथळा नाही, असे तिने शपथेवर सांगितले होते. ते खोटे ठरवून व्हेंचुरा परगण्याच्या सरकारी वकिलाने तिच्यावर खोट्या शपथेचा गुन्हा लावला. ज्यूरीने दोषी ठरवले, लग्न रद्दबातल झाले. शिक्षा झाली दहा वर्षांच्या प्रोबेशनची. एवढ्यावरही व्यवस्थेचे समाधान झाले नाही. सैनिकाच्या पत्नीला मिळणारा भत्ता तिने घेतला, ही सरकारची फसवणूक ठरवून नवरा-बायको दोघांवर खटला चालला आणि दोघांनाही तुरुंगात जावे लागले. लुसीला पुरुषांच्या तुरुंगात धाडले. सुटल्यावर तिला ऑक्सनार्डमध्ये परत पाऊल ठेवू दिले नाही. १९५४ साली ती लॉस एंजेलिसमध्ये वारली.

आता विचारा, लुसीचा गुन्हा कोणता? कुंटणखाना गावाने वर्षानुवर्षे सोसला होता. सहन झाले नाही ते तिचे बायको असणे. विवाहनोंदणीच्या वहीवर व्यवस्थेचा पहारा किती कडक असतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? ज्या कॅलिफोर्नियाने लुसीचे लग्न मोडले, तिथे गोऱ्या-काळ्यांच्या लग्नालाही कायद्याने बंदी होती. ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली घटनाबाह्य ठरवली. 'जातिनिर्मूलना'ची वाट आंतरजातीय विवाहातून जाते असे बाबासाहेबांनी का सांगितले, ते इथे पुन्हा उमगते. जन्माच्या वेळी जी चिठ्ठी चिकटवली तीच मरेपर्यंत वागवायची, हा वर्णाचा, जातीचा आणि लिंगाचाही एकच कायदा आहे. ख्रिस्तीन गोरी होती, नामांकित होती. तरी १९५९ साली जन्मनोंदीत 'पुरुष' लिहिले आहे म्हणून न्यूयॉर्कमध्ये तिलाही विवाह परवाना नाकारला गेला. मात्र फरक असा की परवाना नाकारल्यावर ख्रिस्तीन रंगमंचावर परतू शकली, लुसी तुरुंगात गेली. अन्याय दोघींवर झाला, पण उतरंडीच्या तळाशी असलेलीवर तो दुप्पट झाला. स्मरणातही एक वर राहिली, दुसरी खाली.

आपल्या देशात १५ एप्रिल २०१४ रोजी, भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपले लिंग कोणते हे सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. राज्यघटनेतल्या प्रतिष्ठेच्या शब्दाचाच तो अर्थ होता. लुसीने तेच एकोणसत्तर वर्षे आधी एकटीने सांगितले होते. पाठीशी ना संघटना, ना घटनेचे कलम.

आपल्या वस्त्यांतही पारलिंगी माणसे आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत ती आपल्याबरोबर चालतात, पण संघटनेच्या बैठकीत त्यांना बसायला जागा मिळते का? शिव्या देताना त्यांची आठवण होते, भाषणांत होत नाही. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांनी काय भोगले, कोणाशी झुंज दिली, हे आज लिहून घेतले नाही तर उद्या कोणी सांगायला उरणार नाही. लुसीच्या बाबतीत निदान कोर्टाची कागदपत्रे होती. आपल्या लुसींची तेवढीही नोंद नाही. ती करण्याचे काम चळवळीनेच अंगावर घेतले पाहिजे.