नवा टॅटू आणि रामकुंडातली डुबकी

सिंहस्थ २०२६-२७ चा आहे. नाशिककरांनो, त्या निमित्तानं मनगटावर त्रिशूळ-डमरू काढून घ्यायचा बेत असेल, तर आधी ठरवा: टॅटू आधी की रामकुंडातलं स्नान?

ताजा टॅटू म्हणजे सुईनं केलेली उघडी जखमच. वरची कातडी भरायला साधारण दोन-तीन आठवडे जातात. तोवर गोदावरीत डुबकी नाही, स्विमिंग पूलही नाही. अंघोळ चालते. कोमट पाणी, बिनवासाचा साबण, हलका हात, आणि न घासता टिपून कोरडं करायचं. मलम अगदी पातळ लावा. थापलंत तर जखम ओलीच राहते. काही दिवसांनी रंगीत पापुद्रे सुटू लागतात आणि खाज अशी सुटते की विचारू नका! नखं लावाल तर पापुद्र्यासोबत रंगही जाईल. उन्हात सैल सुती बाही घाला.

गोंदणावर आज्या हळद लावायच्या, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. माझं मत, नकोच.

लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला, तर टॅटूवाल्याला फोटो पाठवत बसू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आणि हो, रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर वर्षभर थांबावं लागतं.